पत्ता

घर घ्यायचं म्हटलं की लोक आधी पाणी विचारतात, मग रस्ता, मग शाळा-दवाखाना. आमच्याकडे त्यात आणखी एक प्रश्न असतो, मशीद किती लांब? तो विचारून झाला की थोरली माणसं जरा थांबतात आणि आवाज खाली आणून म्हणतात, "आणि कब्रस्तान?" गेली दोन वर्षं घर शोधताना हा शेवटचा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला, की पुढं पुढं त्याचं हसूही येईना आणि रागही येईना.

मी पुण्यातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. बी.एड. होऊन बारा वर्षं झाली. आमचे हे शिरवळच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात सुपरवायझर आहेत. माहेर भोरचं, सासर वेल्हे तालुक्यातल्या गुंजवणी खोऱ्यातलं. नऊ वर्षं कात्रजला भाड्याच्या दोन खोल्यांत काढली. दर अकरा महिन्यांनी करार, दर करारात भाडं वाढलेलं. मुलगी सातवीत, माझ्याच शाळेत. धाकटा यंदा पहिलीत जाणार. तेव्हा घर घ्यायचं तर आताच, हे ठरलं. कुठं, यावर मात्र दोन्हीकडच्या नातेवाइकांची वेगवेगळी मतं होती.

ननंद कोंढव्यात राहते. तिचं म्हणणं सरळ होतं. "भाभी, अपने लोगां में रैना अच्छा. रात-बेरात कुछ हुआ तो कौन आयेगा?" कोंढवा मला आवडत नाही असं नाही. कॅम्प, नाना पेठ, भवानी पेठेतल्या वाड्यांत मावेनाशी झालेली कितीतरी कुटुंबं तिकडं सरकली आणि एका खेड्याचं केवढं तरी मोठं उपनगर झालं. रमजानमध्ये रात्री बारा वाजता बायका-मुली रस्त्यानं निर्धास्त फिरतात. दर्जी, हकीम, किताबांचं दुकान, शिकवणी, सगळं हाताशी. बुरख्यातल्या बाईकडं कुणी वळून बघत नाही आणि बिनबुरख्याच्या माझ्याकडंही फारसं कुणी बघत नाही. ही काही लहान सोय नव्हे. बाहेरून "वस्ती" म्हणून नाक मुरडणाऱ्यांना ती कळत नाही.

पण आम्ही पाहिलेल्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र नव्हतं. पाणी टँकरचं. आणि एवढं असूनही किंमत अशी, की माझा आणि ह्यांचा पगार एकत्र केला तरी बँकेचा हप्ता भरून घरात किराणा यायला जागा उरेना. शिवाय शिरवळ तिथून लांब. ह्यांची रात्रपाळी सुटली की दोन तास प्रवास.

मग आम्ही सातारा रस्त्याच्या बाजूला एका नव्या गृहसंकुलाची चौकशी केली. एजंट फोनवर फार अदबीनं बोलत होता. मॅडम, पूर्वेकडचा फ्लॅट आहे, मॅडम, लिफ्ट आहे, मॅडम, बाग आहे. भेटीची वेळ ठरली आणि त्यानं नाव विचारलं. नाव सांगितल्यावर जरा गप्प झाला. म्हणाला, "मालक फॅमिलीलाच द्यायचं म्हणतात." मी म्हटलं, "आम्ही फॅमिलीच आहोत. नवरा, बायको, दोन मुलं." तो म्हणाला, "विचारून कळवतो." अजून तो विचारतोच आहे.

असे अनुभव आपल्यापैकी अनेकांनी सांगितलेत, लिहिलेत. मी त्यात नवं काही घालत नाही. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालातही ते नोंदवलेलं आहे: मुसलमानांना हवं तिथं घर विकत किंवा भाड्यानं मिळत नाही आणि असुरक्षिततेपोटी ते एकाच वस्तीत गोळा होतात. माझी खाला १९९३ साली मुंबईतून मुंब्र्याला गेली. १९९२-९३ च्या दंगलींनंतर हजारो कुटुंबं गेली, त्यातलं तिचं एक. ती कधी म्हणत नाही की मी मुंब्रा निवडलं. ती म्हणते, "हम वहाँ आ गए." २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात आपण ११.५४ टक्के. पण इमारत बघायला जावं तर एकतर शंभर टक्के, नाही तर शून्य. अकरा-साडेअकरा टक्क्यांची इमारत मला तरी दोन वर्षांत दिसली नाही.

सासऱ्यांना हा सगळा खटाटोपच पटत नव्हता. "हितं काय कमी हाय? दोन खोल्या वाढवा अन् राहा." आमच्या सासरी घरातही मराठीच बोलतात, तीही मावळातली. घराणं मुलाणकीचं. जत्रेत बकरं कापताना सुरी मुलाण्याचीच लागते, त्याच्याशिवाय गावचा नैवेद्य होत नाही, हा मान पिढ्यान्पिढ्यांचा. सासऱ्यांना घर शोधताना नाव सांगायची वेळ आयुष्यात आली नाही, कारण सगळा गाव त्यांना नावानंच हाक मारतो. ओढ्याच्या अंगाला कब्रस्तान आहे, दोन मोठी आंब्याची झाडं आहेत, तिथं त्यांचे बाप-आजे आहेत. समोर तोरणा. पावसाळ्यात चार-चार दिवस ऊन दिसत नाही. मुलांना तिथं सोडलं की परत यायला तयार नसतात. पण तिथून माझी शाळा गाठायची तर पहाटे चारला निघावं लागेल.

एक गंमत सांगते. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करण्याचा निर्णय घेतला. राजगड तालुक्यातच, तेव्हा नाव शोभण्यासारखंच. तेव्हापासून सासऱ्यांना मी कागदावर पत्ता लिहून दाखवते आणि ते म्हणतात, "ऱ्हाऊ दे, वेल्हंच लिही, पोस्टमनला ठावं हाय." जागेवरून न हलता माणसाचा पत्ता बदलतो, आणि आम्ही दोन वर्षं हिंडून आम्हाला पत्ता मिळत नव्हता.

माहेरची गोष्ट वेगळी. भोर म्हणजे पंतसचिवांचं जुनं संस्थान, १९४८ ला विलीन झालं. राजवाडा, नीरेचा घाट, वर भाटघरचं धरण. आता राजवाड्यात सिनेमावाले येतात. आमचा मोहल्ला लहान, पण सगळे एकमेकांच्या चुलीपर्यंत ओळखीचे. अम्मीची फार इच्छा की मी भोरला यावं. वडिलोपार्जित घर आहे, त्यात तीन भाऊ. शरियतप्रमाणं माझा हिस्सा भावाच्या निम्मा. तो कागदावर आहे, आणि तो मागितला की माहेर तुटतं हे कागदावर नसलं तरी सगळ्या बहिणींना माहीत आहे. मी मागितला नाही. भोरला नवं घर घ्यावं तर कापूरव्होळपर्यंत येऊन पुन्हा हायवेची गाडी धरायची. रोज जाऊन-येऊन पाच तास. मी वर्गात उभी तरी कशी राहणार?

उरलं नसरापूर. कापूरव्होळच्या अलीकडं, पुण्याच्या बाजूला. चेलाडी फाट्यावरून आंबवणे, मार्गासनी, विंझर करत रस्ता वेल्ह्याला जातो. हायवेनं पुढं गेलं की भोरचा फाटा. त्याच्याही पुढं नीरेचा पूल ओलांडला की शिरवळ. नकाशावर बोट ठेवलं तर सासर, माहेर, ह्यांचा कारखाना आणि माझी शाळा यांच्या मधोमध हेच गाव येतं. खेड शिवापूरचा टोलनाका ह्यांना लागत नाही, माझ्या एसटीला लागतो. एसटीत १७ मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं तिकीट. महिन्याचा हिशेब मी त्यावर मांडला आणि तो जमला.

आधी प्लॉटचा विचार होता. २०१५ मध्ये पीएमआरडीए झाल्यापासून आणि त्यातच रिंगरोडचं नाव ऐकू यायला लागल्यापासून ह्या पट्ट्यात पाट्याच पाट्या. "दोन गुंठे, हायवे टच, वीस मिनिटांत स्वारगेट." वीस मिनिटांत स्वारगेट गाठणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. एका पाटीवाल्यानं सातबारा हातात दिला. शिक्षकाची सवय, मी ओळ न् ओळ वाचली. मालकांच्या रकान्यात अकरा नावं. इतर हक्कांत सोसायटीचा बोजा. जमीन शेतीची, अकृषिक आदेश नाही. "तुमचं बारावं नाव चढवू की," तो म्हणाला. शेतजमिनीचे असे तुकडे पाडायला १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याची आडकाठी आहे. २०२१ मध्ये गुंठ्या-दोन गुंठ्यांच्या दस्तनोंदणीवर परिपत्रक निघालं, त्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या, पुढं नियमही बदलत गेले. या बदलांच्या भरवशावर आयुष्याची पुंजी लावणाऱ्यांत आपले लोक पुष्कळ दिसले. कारण उघड आहे. प्लॉट विकणारा नाव विचारून थांबत नाही, सोसायटी थांबते. मंजूर इमारतीत जागा मिळत नाही म्हणून माणूस कच्च्या कागदावर जातो, आणि मग त्यालाच म्हणतात, ह्यांची सगळी बांधकामं बेकायदा.

शेवटी एका चारमजली इमारतीत दोन खोल्या आणि स्वयंपाकघर पाहिलं. महारेराचा नोंदणी क्रमांक होता, भोगवटा प्रमाणपत्र होतं, विहीर होती. बिल्डर स्थानिक, शेतकरी घरातला. त्यानं नाव विचारलं तेव्हा माझ्या छातीत धडधडलं. नाव ऐकून म्हणाला, "मुलाणी? वेल्ह्याकडचे का? तुमचे सासरे माझ्या मामाच्या जत्रंला असत्यात." सासऱ्यांची सुरी अशी आमच्या कामी आली. ह्यांना त्याचा आनंद झाला. मलाही झाला, पण त्यात थोडं काही खुपलं ते सांगते. ओळख निघाली म्हणून दार उघडलं. ज्याचे सासरे कुणाच्या जत्रेला जात नाहीत, त्या लातूरच्या किंवा मालेगावच्या मुसलमानानं काय दाखवायचं?

पैशाच्या वेळी सासूबाई अडल्या. कर्ज म्हणजे व्याज, व्याज हराम. त्यांच्याशी मी वाद घातला नाही. आलिमांतही गरजेच्या घराबद्दल वेगवेगळी मतं आहेत, एवढंच ह्यांनी त्यांना सांगितलं. माझे दागिने, ह्यांच्या भविष्य निर्वाह निधीतली उचल आणि बाकीचं कर्ज, ते जितकं लहान करता येईल तितकं लहान. सासूबाईंनी आपल्या बांगड्या काढून दिल्या आणि म्हणाल्या, "एवढ्याचं तरी व्याज कमी व्हईल."

मग नाव कुणाचं? १ एप्रिल २०२१ पासून घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. मी आकडेमोड करून ह्यांच्यापुढं ठेवली. ते म्हणाले, "तुझ्याच नावावर करू." जेठ त्या वेळी हजर होते. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि बराच वेळ कुणी बोललं नाही. माझा मेहर ५,५५१ रुपये होता, तोही लग्नात सगळ्यांच्या आग्रहानं मी माफ केलेला. शासनाच्या एका टक्क्यानं जे मिळतंय ते मागायला मला भाषणात जमलं असतं, घरात जमलं नसतं. सवलतीच्या आडून जमलं.

शाळेचा प्रश्न मी मुद्दाम मागं ठेवला होता. मुलगी माझ्याबरोबर एसटीनं येईल, दहावीपर्यंत उर्दूतच शिकेल. धाकट्याला मात्र पहाटे सहाला उठवून रोज दोन घाट... घाट नव्हे, आता बोगदा आहे, पण सहा वर्षांच्या पोराला तो प्रवास मोठाच. त्याला नसरापूरच्या मराठी शाळेत घालायचं ठरलं. आमच्या स्टाफरूममध्ये हे कळल्यावर एक ज्येष्ठ टीचर म्हणाल्या, "आपही लोग छोड़ देंगे तो उर्दू कौन पढ़ेगा?" त्यांचं चूक नाही. दर जूनमध्ये मी घरोघर जाऊन पट भरते, आयांना सांगते, मातृभाषेत शिकलेलं मूल लवकर समजतं. हे बी.एड.लाही शिकले आणि वर्गातही रोज बघते. पण माझ्या मुलाची मातृभाषा कुठली? भोरच्या मोहल्ल्यात "मेरेकु नक्को" म्हणत मी वाढले, सासरी "नगं" म्हणायला शिकले, वर्गात "नहीं चाहिए" शिकवते. तिन्ही त्याच्या कानावर आहेत. रात्री जेवण झाल्यावर मी त्याला अलिफ-बे शिकवणार आहे. रोज जमेल असं मी म्हणत नाही.

विसार दिल्यावर सासऱ्यांना घर दाखवायला आणलं. ते गच्चीवर गेले, पश्चिमेला बराच वेळ बघत राहिले, ढगांमुळं गड दिसत नव्हते. खाली उतरताना त्यांनी तोच प्रश्न विचारला. हे म्हणाले, "अब्बा, इथून गाव तासाभराचा रस्ता." ते म्हणाले, "मग मला गावालाच न्या. तुमचं तुमी पुढं बघा." आणि जिन्याचा कठडा हलवून बघायला लागले, पक्का आहे का.

गेल्या आठवड्यात धाकट्याचा प्रवेश अर्ज आणला. असले अर्ज मी दरवर्षी दुसऱ्यांसाठी शेकड्यांनी भरते. पत्त्याच्या जागी नवा पत्ता लिहिला, मुक्काम नसरापूर, तालुका भोर, जिल्हा पुणे. माध्यम मराठी. मातृभाषेच्या रकान्याशी पेन थांबलं. ह्यांना विचारलं तर म्हणाले, टीचर तू आहेस. मी उर्दू लिहिलं, आणि शाई वाळल्यावर अर्ज पिशवीत ठेवला.