पेजेची वाटी आणि काढ्याची पुडी

तीन वर्षांपूर्वी हिवाळ्यात आम्ही उभयता मुलीकडे चीनमधील ग्वांगझोऊ येथे राहावयास गेलो होतो. यांची भूक पुण्यात असतानाच मंदावली होती. चार घास खाल्ले की पोट भरे. अंगावरचे कपडे सैल होऊ लागले होते. ‘वयाच्या मानाने हे चालायचेच’, असे म्हणून आम्ही दोघांनीही ते दुखणे अंगावर काढले.

शेजारी ऐंशी ओलांडलेल्या एक आजी राहत. मुलीकडून हे कळताच दुसऱ्या दिवशी सकाळी त्या झाकणाचे भांडे घेऊन आल्या. आत तांदळाची मऊसूत पेज होती. तिला तेथे ‘जूक’ म्हणतात. एक वाटी तांदूळ दहा वाट्या पाण्यात मंद आचेवर दीड-दोन तास शिजवायचा आणि वर आल्याचे बारीक काप घालायचे. कोकणात माझ्या माहेरी आजाऱ्याला देत त्या पेजेची ही सख्खी बहीणच! वाटी रिकामी होईपर्यंत आजी यांच्याजवळ बसून राहिल्या.

चिनी वैद्यकात पचनाचा भार जठर आणि ‘पी’ यांच्यावर असतो. ‘पी’चे भाषांतर प्लीहा असे करतात, पण तेथे अभिप्रेत असते ती अन्नाचे शक्तीत रूपांतर करणारी क्रिया. ली दोंगयुआन (1180–1251) या वैद्याने 1232 मध्ये कैफेंग शहराला पडलेला मंगोलांचा वेढा पाहिला होता. वेढा उठल्यावर असंख्य लोक आजारी पडून मेले. उपासमार, श्रम आणि भीती यांनी त्यांची पचनशक्ती खचली होती, असा निष्कर्ष त्याने काढला आणि 1249 मध्ये ‘पी वेई लुन’ हा ग्रंथ सिद्ध केला. अतिचिंतेने ‘पी’ दुबळी होते, असे हे शास्त्र मानते. म्हणूनच अन्न ऊन असावे, वेळेवर असावे आणि जेवताना काळजी बाजूला ठेवावी, हा तेथील घराघरांतला नियम आहे.

येथवर सारे ठीक होते. चूक झाली ती माझी. एका परिचितांनी भूक वाढवणाऱ्या काढ्याची पुडी दिली. ‘झाडपाल्याने अपाय तो काय व्हायचा?’ अशा समजुतीने मुलीला न सांगता तो उकळण्याचे मी ठरवले. आजींनी मात्र पुडी पाहताच ‘आधी वैद्यांना दाखवा’ असा हट्ट धरला.

त्या वृद्ध वैद्यांनी दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटे ठेवून नाडी पाहिली, जीभ पाहिली. झोप कशी, पाणी गार आवडते की गरम, हे विचारले. मग त्यांनी चालू गोळ्या मागितल्या. मुलीने रक्त पातळ करणारी आणि रक्तदाबाची अशा दोन्ही गोळ्या पुढे ठेवल्या. वैद्यांनी पुडीतील तीन मुळ्या वेगळ्या केल्या. दांगग्वेईने रक्तस्रावाचा धोका वाढतो. जिनसेंगमुळे रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा परिणाम बदलू शकतो. ज्येष्ठमध रक्तदाब वाढवते. शेवटी त्यांनी हळूच विचारले, “शौचास काळी होते का?”

यांनी मान खाली घालून होकार दिला. मला ते ठाऊकही नव्हते.

वैद्यांनी औषध दिलेच नाही; त्याच दिवशी रुग्णालयात पाठवले. दुर्बिणीच्या तपासणीत जठरातला व्रण आणि त्यातून झिरपणारे रक्त दिसले. हेलिकोबॅक्टर जंतूचा संसर्गही आढळला. त्यावर प्रतिजैविके आणि आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या मिळाल्या. व्रण भरला. तो काढा पोटात गेला असता तर, या विचाराने आजही माझे हातपाय गार पडतात.

पुण्यात परतल्यावर सकाळची पेज आम्ही सोडलेली नाही. मधुमेह असेल त्यांनी मात्र प्रमाण डॉक्टरांना विचारावे, कारण पेजेने साखर लवकर वाढते. वाचकहो, घरातील वडीलधाऱ्यांची भूक मंदावली, वजन उतरले, घास अडकू लागला किंवा शौचाचा रंग काळा झाला, तर वयाला दोष देऊन थांबू नका. संकोचाने ती माणसे स्वतः बोलत नाहीत. आपणच विचारावे लागते. आणि काढा चिनी असो वा आपल्या आजीच्या बटव्यातला, डॉक्टरांना दाखवायच्या औषधांच्या यादीत त्याचेही नाव लिहा.