मामाचं माळवद आणि सिमेंटची गोणी

गच्चीवर सोलर, बाल्कनीत चार कुंड्या, की झालं 'ग्रीन होम'! पुण्यातल्या स्कीम्सची ब्रोशर्स वाचून माझा तरी असाच समज झाला होता. तो उतरला एका वीकेंडला, वालचंदनगरला.

बारामती-इंदापूर रस्त्यावर जंक्शन नावाचं गाव लागतं (हो, नावच जंक्शन!). तिथून आत वळलं की ऊस, मग झाडीतली कॉलनी आणि अवाढव्य शेड्स. वालचंद हिराचंद हा मूळचा बांधकामातला माणूस; हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन त्यांनी १९२६ साली सुरू केली. १९३०च्या दशकात त्यांनी कळंबच्या माळावर साखर कारखाना काढला आणि त्याभोवती हे गाव वसलं. पुढे इथंच साखर कारखान्यांची यंत्रं बनली, इस्रोच्या रॉकेट मोटर्सची केसिंग्ज बनली, आणि सिमेंट प्लांटची यंत्रंसुद्धा.

माझा मामा याच शॉपमधून रिटायर झालेला. त्याचं कळंबमधलं घर जुनं, भेंड्यांच्या भिंतींचं, वर पांढऱ्या मातीचं माळवद. ते पाडून स्लॅब टाकायचं घरात घाटत होतं. मी थाटात म्हटलं, "मामा, बांधा की, पण ग्रीन मटेरियल वापरा!"

मामा हसला. "भट्टीत चुनखडी जाते, आत साडेचौदाशे डिग्री. कोळशाचा धूर निघतो तो वेगळाच, पण दगडातूनही कार्बन डायऑक्साइड सुटतो. त्याला कुठलं सोलर लावशील?"

मी गप्प. नंतर वाचलं ते असं: जगाच्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण ७-८ टक्के एकट्या सिमेंटमधून येतो आणि त्यातला निम्म्याहून जास्त हा असा, दगडातून सुटलेला. म्हणजे उभी भिंत पाडून तीच नव्यानं बांधायची, तर ती कितीही 'ग्रीन' असो, हिशेब उलटाच बसतो.

"मग पाडूच नका!" मी निकाल दिला. तेवढ्यात मामी चहा घेऊन आली. "तुझं एन्व्हायर्नमेंट पुण्यात ठेव. दर मे महिन्यात माळवदावर माती टाकायला तू येणारेस का? पावसात रात्रभर पातेली मी लावते."

बॉस, याला उत्तर नव्हतं. भर उन्हात ज्या गार ओसरीवर मी लोळत होतो, तिचा मेंटेनन्स मामीच्या कंबरेवर चालला होता!

शेवटी मामीनंच तोड काढली. भिंती राहतील. माळवद उतरवून उताराचं छप्पर आणि कौलं. निघालेली माती भिंतींच्या लिंपणाला. सिमेंट फक्त नव्या स्वयंपाकघराला आणि बाथरूमला, तेही पीपीसी. त्यात १५ ते ३५ टक्के राख असते, बहुतेक वेळा वीज केंद्रातली. म्हणजे ५० किलोच्या गोणीत साडेसात ते साडेसतरा किलो. तेवढी भट्टी कमी!

तुम्ही फ्लॅट घेताय किंवा रिनोव्हेशन काढताय? बिल्डरला सोलरबद्दल जरूर विचारा, पण त्याआधी दोन प्रश्न: सिमेंट कुठलं? आणि जे पाडायचं म्हणताय, ते पाडायलाच हवं का?

कसं जाल : स्वारगेटहून बारामतीची एसटी, पुढे वालचंदनगरची. मेमध्ये जाल तर मामीला आधी कळवा. या वर्षी माती टाकायची नाहीये, कौलं चढवायचीयेत!