आधी पाहिलेलं लिहून काढ

महाड,
२४ ऑगस्ट

चि. भाऊस,


परवा फोनवर तू दोनच गोष्टी विचारत होतास. मुंबईत पोरीचा एमआरआय लवकर कुठे होईल, आणि तिच्या फिटचं बाहेर कुणाला कळलं तर नाही ना. दोन्हींची उत्तरं देते, पण माझ्या क्रमाने.

काल पोलादपूरला जाऊन आले. पोरीला दोन्ही वेळचं फारसं आठवत नाही, म्हणून तिला खोदून विचारण्यात अर्थ नव्हता. वहिनीला विचारलं, झेंडावंदनाला तिच्याशेजारी उभ्या असलेल्या मैत्रिणीलाही घरी बोलावून घेतलं. ऐकलं ते जसंच्या तसं लिहिते.

पंधरा ऑगस्टला ती उपाशीपोटीच कॉलेजात गेली होती. बराच वेळ रांगेत उभी होती. "कसंतरी होतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय," म्हणाली. घाम फुटला, तोंड पांढरंफटक पडलं आणि अंग सोडून खाली आली. पडल्यावर हात दोन-चारदा उडाले. मिनिटभरात डोळे उघडून तिने मैत्रिणीला नावाने हाक मारली.

परवा पहाटेचं मात्र वेगळं. झोपेतच तिच्या तोंडून चमत्कारिक आवाज आला म्हणून वहिनी उठली. मान एका बाजूला वळलेली, अंग ताठ, मग हातापायांना झटके, तोंडाला फेस, ओठ निळसर. थांबल्यावर घोरल्यासारखा श्वास. कपडे ओले झाले होते. अर्धा तास ती आईला ओळखत नव्हती. जीभ कडेला चावली गेली आहे, ती मी स्वतः पाहिली.

हे दोन प्रसंग एका जातीचे वाटत नाहीत. पहिली झीट असावी. उभ्या उभ्या रक्तदाब उतरतो, मेंदूला क्षणभर रक्त कमी पडतं. त्यातही हात उडतात आणि बघणारे 'फिट आली' म्हणतात. दुसरी खरोखर फिटसारखी दिसते. एकाच माणसाला दोन्ही होऊ शकतात. आरोग्यसेविकेची नोकरी केली म्हणून मी काही डॉक्टर होत नाही, निदान ते करतील. पण तू जाऊन नुसतं "दोनदा फिट आली" म्हणालास, तर हा फरक त्यांच्यापर्यंत पोचणारच नाही. तो यंत्रात दिसत नसतो. ईईजी नॉर्मल आला म्हणून फिट नव्हतीच असंही ठरत नाही.

आपल्याच तालुक्यातलं सांगते. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ साली बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. विंचू चावलेली माणसं हातात काही नसताना डोळ्यांदेखत जात होती. डॉक्टर खाटेशेजारी बसून टिपत राहिले : घाम कधी सुटला, उलटी कधी झाली, हातपाय कधी गार पडले, नाडी आणि रक्तदाब कसे बदलत गेले. ती लक्षणं १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. पुढे प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी विंचूदंशावर वापरून त्यांनी मृत्यू इतके खाली आणले की जगाने दखल घेतली. २०२२ साली पद्मश्री मिळाली. सुरुवात झाली ती नीट बघण्यापासून आणि लिहिण्यापासून. तेवढं तर आपल्यालाही जमेल.

आता क्रम. आधी साधा ईसीजी. शुद्ध हरपणाऱ्या प्रत्येकाचा तो व्हायला हवा, कारण हृदयाचा ठोका बिघडूनही माणूस पडतो, झटकेही येतात. आपला मधला काका तिशीत आंघोळ करताना गेला. घरात 'हार्टफेल' म्हणून तो विषय मिटला, पण डॉक्टरांना ते आठवणीने सांग. सोबत रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन. मग न्यूरॉलॉजिस्ट; मुंबईत केईएमला तो विभाग आहे. ईईजी आणि एमआरआय त्यांच्या सल्ल्याने. एमआरआय वायफळ नाही. पट्टकृमीच्या अळीची गाठ मेंदूत होणं हे आपल्याकडे फिटचं एक नेहमीचं कारण आहे. आपण माळकरी म्हणून त्यातून सुटलो असं नाही. त्या कृमीची अंडी न धुतलेल्या भाजीतून, पाण्यातून, हातांतूनही पोटात जातात. गोळी सुरू झालीच तर मुलीच्या वयाला ती चालेल ना, हे विचार. व्हॅल्प्रोएट हे फिटचं औषध पुढे गरोदरपणात बाळाला बाधतं, म्हणून मुलींना ते शक्यतो टाळतात. आणि सुरू केलेली गोळी मनाने बंद करायची नाही.

त्या पहाटे शेजारणीने चप्पल हुंगवली, कुणी हातात लोखंडी किल्ली दिली, कुणी दातांत चमचा घातला. वहिनीला रागावू नकोस, ती एकटी होती. मी तिला नीट दाखवून आले : कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी, तोंडात काही घालायचं नाही, पाणी पाजायचं नाही, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या पुढे गेलं किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली तर १०८ला फोन. जवळ दुसरं कुणी असेल तर त्याने मोबाइलवर चित्रण करावं. निदान होईपर्यंत नदीवर, विहिरीवर आणि चुलीपाशी तिला एकटीला सोडायचं नाही. स्कूटीही नको, लायसन्सच्या अर्जात शुद्ध हरपते का, हे विचारलेलंच असतं. अंगाऱ्याला माझी ना नाही, पण अंगाऱ्याच्या भरवशावर दवाखाना पुढे ढकलायचा नाही.

आता बाहेर कळण्याचं. तुझ्या डोक्यात तिचं लग्न आहे, हे मला कळतं. हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचा अडसर होता, तो १९९९ साली काढला. पुण्यात यशोदा वाकणकर स्वतः या आजारातून गेल्या. 'संवेदना' या संस्थेमार्फत त्या अशा रुग्णांना एकत्र आणतात, त्यांची लग्नंही जुळवतात. लपवलेलं मात्र सासरी उघडं पडतंच, आणि तोवर गोळ्या चोरून घ्याव्या लागतात. वर्गशिक्षिकेला तर आजच सांगायला हवं. पोर पुन्हा कॉलेजात पडली तर तिथे त्याच असतील.

गणपतीला येतोच आहे तेव्हा बघू, असं म्हणू नकोस. या शनिवारी ये. दोन्ही प्रसंगांचा कागद मी तयार ठेवला आहे, काकाचंही त्यात लिहिलं आहे. आणि तिचं कॉलेज बंद करायचं मनातही आणू नकोस.

तुझी,
ताई