काचेला चिकटलेला फोटो

महाडकराला पूर नवा नाही. सावित्री आणि गांधारी तुंबल्या की बाजारपेठेत पाणी शिरतं, दुकानदार माल वरच्या फळीवर चढवतो आणि पाणी उतरायची वाट बघत बसतो. 22 जुलै 2021 च्या रात्री वरची फळीही बुडाली. माझ्या स्टुडिओत पंख्याच्या पात्यांना चिखल लागला होता. कॅमेरे, प्रिंटर, कॉम्प्युटर, सगळं गेलं. शाबूत राहिले ते वडिलांच्या डार्करूममधले तीन इनॅमलचे ट्रे.

गाळ उपसतोय तोवर लोक पिशव्या घेऊन यायला लागले. पिशवीत लग्नाचे अल्बम, विटेसारखे जड. रंगीत फोटो पाण्यात मरतो तोही क्रमाने. निळसर थर सगळ्यांत वर, तो आधी सुटतो. मग लाल, मग पिवळा, मग कोरा कागद. जुना कृष्णधवल जास्त चिवट, त्याचं चित्र चांदीचं असतं. पाऊस चालूच होता, पिंपात पागोळ्या धरल्या. अल्बम थंड पाण्यात ठेवायचा, पानं आपणहून सुटू द्यायची, चित्राला बोट लावायचं नाही. ओल्या फोटोवरचा थर साबुदाण्यासारखा फुगलेला असतो, बोटाबरोबर चेहरा निघून येतो. जपानमध्ये 2011 च्या त्सुनामीनंतर स्वयंसेवकांनी असेच फोटो धुतले होते, हे मला नंतर कळलं. मला शिकवलं होतं वडिलांनी, आणि डिजिटल आल्यावर मी ते अडगळीत टाकलं होतं. ट्रे हलवायला घेतला तर मनगटाला सगळं आठवत होतं.

पुराच्याच दिवशी, 22 जुलैला, तळीये गावावर दरड कोसळली, ऐंशीहून जास्त माणसं गेली. पोलादपूरकडे केवनाळे आणि सुतारवाडीतही माणसं दगावली. डोंगराखालच्या वाड्या रिकाम्या होत होत्या. अशाच एका वाडीतून निघालेली आजी काही दिवसांनी दुकानात आली. चादरीत गुंडाळलेली फ्रेम, आत लग्नाचा फोटो, भिजून काचेला चिकटलेला. असा फोटो ओढायचा नसतो. खोलीत अंधार केला, उसन्या कॅमेऱ्याला काळं फडकं गुंडाळलं, बाजूने उजेड टाकला आणि काचेवरूनच टिपला.

नवरदेवाचं तोंड बुरशीने खाल्लं होतं. कॉम्प्युटरवर मी त्याला नाकडोळे देऊ शकलो असतो, पण ते दुसऱ्याच कुणाचे तरी झाले असते. तरी विचारलं.

"त्यांचं राहू दे," आजी म्हणाली. "त्यांचं तोंड ध्यानात हाय माझ्या. माझं तेवढं नीट कर. मी कशी दिसायचे, तेच आठवत नाय."

प्रिंट हातात दिली तेव्हा ती बराच वेळ त्या नऊवारीतल्या पोरीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "लई घाबरलेली दिसते रे." आणि खुदकन हसली. पैसे मात्र मोजून दिले, नको म्हटलं तरी.

तुमच्याकडे काचेला चिकटलेला फोटो असेल तर घरी ओढू नका, फ्रेमसकट घेऊन या. दुकान आता पहिल्या मजल्यावर आहे.