पदाचे घर

खडकवासल्याहून समुद्र बराच दूर. तरीही नौदलाचे भावी अधिकारी येथे घडतात. पंडित नेहरूंनी ६ ऑक्टोबर १९४९ रोजी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची कोनशिला बसविली आणि १६ जानेवारी १९५५ रोजी तिचे उद्घाटन झाले. येथील जलाशयात वल्ही मारणाऱ्या काही मुलांना पुढे ॲडमिरलचे प्रशस्त निवासस्थान लाभते. मग आपल्या मराठी आरमाराचा सरखेल कुठे राहत असे? या कुतूहलाने मी एकदा अलिबागला गेलो.

ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्यात पायी जाता येते. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये तो बांधावयास घेतला. १७१३ मध्ये तो कान्होजी आंग्र्यांकडे आला आणि १७२१ मध्ये इंग्रज-पोर्तुगिजांच्या संयुक्त स्वारीलाही दाद देईना. तटाच्या आत आंग्र्यांचा वाडा होता. आता तेथे जोती आणि पडक्या भिंती तेवढ्या दिसतात.

कान्होजी १७२९ मध्ये निवर्तले. थोरले सेखोजी १७३३ मध्ये गेले आणि वारशावरून संभाजी व मानाजी हे भाऊ परस्परांवर उठले. कुलाबा मानाजींकडे राहिला, सुवर्णदुर्ग व विजयदुर्ग संभाजींकडे. घर दुभंगले ते पुन्हा सांधलेच नाही. १७५६ मध्ये पेशवे व इंग्रज मिळून तुळाजी आंग्र्यांवर चालून गेले. विजयदुर्गाच्या बंदरात त्यांचे आरमार जळाले. कुलाब्याचा वाडाही १७८७ च्या आगीत भस्मसात झाला. किल्ल्यातील उरलेले लाकूडकाम इंग्रजांनी १८४२ मध्ये लिलावात विकले आणि दगड अलिबागच्या पाणीपुरवठ्याच्या बांधकामास लागले.

त्या जोत्यावर बसलो असता मला वडील आठवले. ते साधे सरकारी नोकर. निवृत्त झाले त्याच महिन्यात त्यांनी क्वार्टर रिकामे केले. आईने भिंतीवरचा क्रूस उतरविला, तेव्हा मागे त्याची फिकट खूण राहिली. आईचे डोळे भरून आले. वडील एवढेच म्हणाले, “घर पदाचं होतं. आपण राखणदार.” किल्ली देण्यापूर्वी त्यांनी अंगणही झाडून काढले.

कान्होजींच्या मुलांनी पदालाच आपले घर मानले आणि दोन्ही गमावले. त्यांच्या वाड्याचे दगड मात्र कुणाच्या तरी तहानेच्या उपयोगी पडले. खडकवासल्याच्या धरणाचे पाणी पुण्याला जाताना पाहतो, तेव्हा वाटते, मोठ्या वास्तूला याहून चांगला शेवट कोणता मिळावा?