दुसरी बारी

वाद्यांचा गलबला वाढला म्हणजे गाणारा आणि ऐकणारा यांच्यातील अंतर आपोआप मिटते, असा समज रॉक संगीताचे चाहते आणि त्याचे निंदक, दोघेही सारख्याच निष्ठेने बाळगून असतात. परंतु मालवण-कणकवलीच्या मुलखात डबलबारी भजनाच्या मांडवात ज्याने रात्री जागवल्या आहेत, त्याच्या गळी हा समज उतरणे कठीण. बीटल्स या जगद्विख्यात चौकडीने 29 ऑगस्ट 1966 रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कवर अखेरचा तिकिटाचा जलसा केला आणि दौऱ्यांना कायमची रजा दिली. त्याची कारणे अनेक असली, तरी श्रोत्यांच्या किंकाळ्यांत त्यांना स्वतःचे वाद्यच ऐकू येईनासे झाले होते, हे त्यांतले एक. लोकांच्या प्रेमाला तोटा नव्हता. पण कोणी कोणाचे ऐकतच नव्हते.

डबलबारीचा दस्तूर नेमका याच्या उलट. दोन बुवा, दोन मंडळी. प्रत्येकाची पेटी, पखवाज, झांज आणि पाठीमागे कोरस. पहिल्या बुवांनी आपली बारी म्हणावी, जाता जाता प्रतिपक्षाला एखादा पौराणिक सवाल घालावा, एखादी कोपरखळी मारावी, आणि दुसऱ्या बुवांनी त्याची सव्याज परतफेड करावी. बहुधा पंच नसतो, फैसला लिहून घेणारा कारकून नसतो. पण मांडवातून उठताना कोणाची बारी सरस झाली याविषयी चहाच्या टपरीपर्यंत वाद चालतो, आणि गणपतीला मुंबईहून आलेला चाकरमानी त्या वादात गावकऱ्याहूनही हिरीरीने उतरतो.

नमन, अभंग, गौळण अशा पायऱ्या चढत मंडळी गजरापाशी येते, तेथे बुवांचा डावा हात पाहण्यासारखा असतो. उजवा स्वरांवर धावत असतो, डावा भाता हलवीत असतो; लय चढत जाते, पखवाज्याच्या मानेच्या शिरा दिसू लागतात, कोरस ओळ उचलून परत टाकतो, आणि ऐन भरात बुवांचा डावा हात थबकतो. पेटी मुकी होते. अर्धी ओळ हवेत तशीच लोंबकळत राहते, खाली पखवाज तेवढा चालू असतो, आणि बुवा समोरच्या गर्दीकडे मान उंचावून पाहतात. लोकांनी ती ओळ उचलली तर पुढचा अर्धा तास बुवांच्या मुठीत. न उचलली तर तीच ओळ निराळ्या वळणाने पुन्हा घ्यावी लागते, आणि मागून एखादा म्हातारा ओरडतो, ‘‘बुवा, गजर होवंदे!’’ ती फर्माईशही असते आणि इशाराही.

माझ्या मते सारे मर्म त्या थबकलेल्या हातात आहे. 13 जुलै 1985 रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर क्वीन या रॉक चमूच्या फ्रेडी मर्क्युरीने निरर्थक स्वरांच्या फेका टाकल्या आणि सारे मैदान त्या जशाच्या तशा झेलून परत देत राहिले, तेव्हा त्यानेही हेच केले होते: आपला गळा समर्थ असताना त्याने लोकांसाठी जागा रिकामी सोडली. अशी जागा सोडण्यास स्वतःच्या कलेवर भरवसा लागतो. ज्याला तो नाही, तो ती जागा ढणढणाटाने बुजवून टाकतो.

बुवा सिनेमाच्या चाली घेतात, अशी शुद्धिवाद्यांची फिर्याद मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. त्यांना एवढेच विचारावेसे वाटते की, 1911 च्या ‘मानापमान’ नाटकासाठी गोविंदराव टेंबे यांनी पूर्वेकडील ठुमऱ्यांच्या वळणाच्या चाली आणल्या, त्या ज्यांना गोड लागल्या, त्यांनीच येथे नाक का मुरडावे? ओळखीची चाल ही श्रोत्याला दिलेली उसनवारी आहे. ती हाती असली म्हणजेच तो अनोळखी शब्दांत बेधडक शिरतो.

दशावतारी नाटकातला संकासुरही समोरच्यांसाठी जागा सोडण्याच्या याच वाटेने जातो. गणपती, सरस्वती, ब्राह्मण ही मंडळी आपापल्या मर्यादेने वावरत असताना हा काळा राक्षस अस्सल मालवणीत समोरच्यांशी हुज्जत घालतो. लिहिलेली संहिता नसल्यामुळे प्रेक्षकाचे उत्तर हाच त्याच्या पुढच्या वाक्याचा मसुदा असतो.

भ्रमणध्वनीवरच्या चित्रीकरणाने ही सारी जिवंत कला गोठून जाईल, अशी धास्ती काही वर्षांपूर्वी जाणत्यांना वाटत होती, आणि मीही त्यांच्यात मान डोलावीत असे. घडले ते विलक्षण: आचऱ्याच्या मांडवात मारलेली कोपरखळी दुसऱ्या दिवशी कुडाळच्या पोरांना तोंडपाठ असते, म्हणून बुवांना दर बारीला नवे काव्य जुळवावे लागते, आणि एखाद्याने आळसाने जुनीच कोटी काढली, की मागच्या रांगेतला एखादा चावट पोरगा ती बुवांच्या आधीच मोठ्याने म्हणून टाकतो.