वाफेची न्हाणी

औंढ्याच्या आमच्या घरातील न्हाणीघर दुरुस्त करावयाचे ठरले, तेव्हा वाफेच्या स्नानाची कल्पना कोणाच्याही मनात नव्हती. जुनी शहाबादी फरशी निसरडी झाली होती, मोरीचे पाणी तुंबत होते, आणि ब्याऐंशी वर्षांच्या मातोश्रींस उंबरठा ओलांडताना आधार लागत होता. या तीन गोष्टी नीट झाल्या असत्या म्हणजे काम संपले असते. परंतु मनुष्य एकदा दुरुस्तीस हात घालतो, आणि पुढे दुरुस्तीच त्याचा हात धरून त्यास नेईल तिकडे नेते. नळ पाहण्यासाठी दुकानात गेलो असता कोपऱ्यातील काचेच्या एका बंद कोठडीने आमचे लक्ष वेधले. हा वाफेचा शॉवर, असे दुकानदाराने सांगितले. घरी येताच आम्ही जाहीर केले की, मातोश्रींच्या गुडघ्यांस वाफेने आराम पडेल. आपल्या हौसेस परोपकाराचे नाव दिले म्हणजे खर्चाचा आकडा लहान दिसू लागतो, हा अनुभव वाचकांपैकी पुष्कळांस असेल.

गावात ही वार्ता पसरण्यास वेळ लागला नाही. लोणावळ्याच्या या टापूत वर्षाकाठी सुमारे ४००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो बहुतेक चार महिन्यांतच. आषाढात घाटमाथ्यावरून आलेला ढग सरळ ओसरीवर चढतो; वाळत घातलेले धोतर तीन-तीन दिवस वाळत नाही. शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनी आम्हांस विचारले, "सर, चार महिने ढग घरात फुकट येऊन बसतो, मग वाफ विकत कशाला घेता?" वर्गात विद्यार्थ्यांच्या शंकांना आम्ही तीस वर्षे उत्तरे देत आलो, या शंकेस मात्र तत्काळ उत्तर सुचले नाही.

उत्तर नव्हते असे नाही. ढग थंड असतो, तो अंगातील ऊब काढून घेतो. वाफ याच्या उलट वागते. पाण्याची वाफ होताना त्यात जी उष्णता साठते, ती वाफेचे अंगावर पुन्हा पाणी होताना त्वचेस मिळते. शिवाय कोठडीतील हवा बाष्पाने पूर्ण भरलेली असल्यामुळे घाम उडून जात नाही. म्हणून तेथील ४५ अंशांची ऊब फिनलंडमधील लोकांच्या ८० अंशांच्या कोरड्या कोठडीइतकी जाणवते. पाण्याचा हिशेबही आम्ही मांडून पाहिला. एका लिटर पाण्याची सोळाशे लिटरांहून अधिक वाफ होते. साडेचार किलोवॉटचे यंत्र पाव तासात दोन लिटरसुद्धा पाणी उडवीत नाही. अंगावर घ्यावयाच्या एका बादलीत त्याच्या आठपट पाणी असते. मात्र कोठडी तापविण्यासह अर्धा तास यंत्र चालले, तर सव्वादोन युनिटे वीज जाते. अर्थात पाणी वाचते आणि वीज खर्च होते. काटकसर केली असे म्हणण्याची सोय राहत नाही.

आमचा विषय इंग्रजी वाङ्मय. तथापि एवढा खर्च करण्यापूर्वी आपल्या पूर्वजांचे मत घ्यावे, म्हणून आम्ही चरकसंहिता उघडली. सूत्रस्थानाच्या चौदाव्या अध्यायात अग्नीच्या योगाने द्यावयाच्या स्वेदाचे तेरा प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी जेंताक स्वेदासाठी सोळा हात उंचीरुंदीची वाटोळी वास्तू बांधावी, मध्ये भट्टी असावी, आणि भिंतीच्या कडेने दारापर्यंत ओटा असावा, असे वर्णन आहे. रोग्यास वैद्य बजावतो की, मूर्च्छा आली तरी हा ओटा सोडू नकोस. ओटा सोडलास तर दार सापडणार नाही आणि प्राणास मुकशील. घाम निथळून अंग हलके झाले म्हणजे ओट्याच्याच कडेने दाराशी ये. हे वाचून आम्ही थक्क झालो. यंत्राबरोबर आलेल्या सुबक आराखड्यात बैठक दाराच्या समोरच्या भिंतीशी दाखविली होती, आणि बसणाऱ्याने भोवळ आल्यास दारापर्यंत कसे यावे याविषयी त्यात एक अक्षरही नव्हते. आम्ही आराखडा बाजूस ठेवून गवंड्यास दारापर्यंत ओटा बांधावयास सांगितले.

त्याच अध्यायात स्वेद कोणास देऊ नये याची यादी आहे. तीत मधुमेही मनुष्य आहे. आम्हांस हा विकार जडून नऊ वर्षे झाली. आमच्या डॉक्टरांस विचारले, तेव्हा त्यांनीही आम्हांस फार वेळ बसण्यास मनाई केली. मातोश्रींस मात्र कमी ऊब ठेवून, कोणी सोबत असल्यास, पाच-सात मिनिटे बसण्याची परवानगी दिली. ज्याची हौस त्यासच बंदी, आणि ज्यांच्या नावाने हौस केली त्यांस मुभा! आमच्या पत्नी त्या दिवशी बराच वेळ हसत होत्या.

न्हाणीघरास जागा अपुरी पडत होती. त्याला लागून एक काळोखी खोली होती. तीत पाटे, पिंपे, मोडके पाळणे आणि मातोश्रींचा तांब्याचा बंब ठेवलेला असे. ती खोली न्हाणीघरात घेण्याचे आम्ही ठरविले. मातोश्रींस विचारले, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "बंब मात्र टाकू नका." बंब ओसरीच्या टोकास नेऊन ठेवला, आणि खोली रिकामी झाली.

खरी अडचण पुढेच होती. घराच्या भिंती दगडमातीच्या. गवंडी त्यांवर हात फिरवून म्हणाला, "सर, मातीच्या भिंतीला वाफ पाजू नका. वरून पाऊस आणि आतून वाफ, दोन्हींकडून भिजली तर ती बसेल." वाफ ही पाण्यापेक्षा चतुर आहे. पाणी भेगेतून शिरते. वाफ जेथे भेग दिसत नाही तेथूनही जाते, आणि मागे गार झाली की पाणी होऊन बसते. म्हणून जुन्या भिंतीपासून चार बोटे अंतर सोडून आत विटांची दुसरी भिंत उभारली, तिला पाणी न झिरपणारा लेप दिला, आणि मग फरश्या बसविल्या. छतालाही एका बाजूस ढाळ दिला, म्हणजे गार झालेले थेंब डोक्यावर न पडता भिंतीवरून उतरतात. वायरमनने यंत्रासाठी स्वतंत्र तार ओढली. त्यापूर्वी विजेचा मंजूर भार वाढवून घ्यावा लागला.

काम चालू असता गवंड्याने विचारले होते, "या भिंतीतल्या कोनाड्याचं काय करायचं?" आम्ही लोकल गाठण्याच्या घाईत होतो. "बुजवून टाक," असे म्हणून आम्ही निघून गेलो.

पौषातील एका संध्याकाळी मातोश्री आमच्या पत्नींचा हात धरून आत गेल्या. दार त्यांनी पुरते लावू दिले नाही. आम्ही बाहेर घड्याळ घेऊन बसलो होतो. सहा मिनिटांनी त्या ओट्याला हात लावीत लावीत दाराशी आल्या. चरकाचा उपदेश त्यांनी वाचला नव्हता. अंधुक दिसणाऱ्या मनुष्यास तो शिकवावा लागत नाही. शाल गुंडाळून बसल्यावर त्या म्हणाल्या, "बाळंतपणात अशी ऊब घेतली होती. त्यानंतर आजच." आम्ही हसून म्हणालो, "तेव्हा यंत्र कोठे होते?" त्या म्हणाल्या, "बाजेखाली शेगडी होती. ओव्याची धुरी होती. अरे, तू इथंच झालास."

मग त्यांनी जे सांगितले ते आम्ही प्रथमच ऐकले. पहिली दोन बाळंतपणे त्यांच्या माहेरी झाली. तिसऱ्याच्या वेळी पवना धरणाच्या कामाने माहेरचे गाव उठले होते. जावयाचे तर कोठे? म्हणून त्या काळोख्या खोलीतच बाज घातली गेली. श्रावणाची झड लागली होती. पाचवीच्या रात्री कोनाड्यात दिवा ठेवला, तो वाऱ्याने विझू नये म्हणून आमच्या आजी रात्रभर पदर धरून बसल्या. "तो कोनाडा दिसला नाही मला," मातोश्री म्हणाल्या, "वाफेत दिसत नसेल."

आमच्याने उत्तर देववेना. ज्यांच्यासाठी म्हणून खोली पाडली, त्यांस बंबाविषयी विचारले. खोलीविषयी काही विचारले नाही. तीस वर्षे आम्ही मुलांस परक्या देशांतील घरांची वर्णने समजावून देत आलो. आपण ज्या खोलीत जन्मलो ती आम्हांस अडगळीची वाटत होती, आणि तीत जी ऊब आम्ही नव्याने आणली म्हणून मिरवीत होतो, ती तेथे आमच्या आधीपासून होती.

दुसऱ्या दिवशी गवंड्यास बोलावून विचारले. तो म्हणाला, "बुजवला नाही, सर. दिव्याची काजळी होती आत. नवी भिंत चार बोटं पुढं आहेच, म्हटलं राहू दे." आम्ही हे मातोश्रींस सांगितले. त्या क्षणभर थांबून म्हणाल्या, "असू दे. पावसात भिंत कोरडी राहिली म्हणजे झालं."

आता आठवड्यातून दोनदा त्या वाफ घेतात. आंघोळ मात्र बंबाच्याच पाण्याने करतात. आमचे पावसाळ्यातील काम ठरून गेले आहे. झड लागली की आम्ही छत्री घेऊन घरामागे जातो आणि, कोनाडा जेथे असावा तेथे, भिंतीस बाहेरून हात लावून पाहतो.